बोरघाटाचं कंत्राट

मागच्या शनिवारी आमच्या होऊ घातलेल्या घराची साईट बघायला गेलो होतो. ताबा मिळायची तारीख दोनदा पुढे गेली आहे, त्यामुळे दर पंधरवड्याला जाऊन स्लॅब मोजायची सवय लागली आहे. या खेपेला सातव्या मजल्याचं सेंट्रिंग अर्धवट उभं, खाली सळई गंजत पडलेली, आणि साईटवर माणूस एकही नाही. वॉचमनच्या खोलीपाशी मुकादम बसले होते, साठीच्या आसपासचे. विचारलं, "काका, आज सुट्टी का?"

"सुट्टी कसली साहेब. वरनं पैसेच सुटले नाहीत. तीन हप्ते खर्चीवर ठेवली पोरं, शेवटी गेली दुसऱ्या साईटला. त्यांचं तरी काय चुकलं?"

खर्ची म्हणजे आठवड्याच्या बाजाराला पुरतील एवढे पैसे. बाकीचा हिशोब मागाहून, म्हणजे बिल निघेल तेव्हा. आमच्या धंद्यात प्रोजेक्ट लेट का झाला हे सांगायला वीस स्लाईड लागतात, काकांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

दोन दिवसांनी मुंबईला निघालो होतो. गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरली आणि ते वाक्य पुन्हा आठवलं. कारण ज्या घाटातून गाडी उतरत होती, तो बांधतानाही मजुरी थकली होती आणि त्यावरून मारामारी झाली होती. ही गोष्ट पूर्वी कुठेतरी ओझरती वाचली होती. यावेळी नीट बसून वाचली. आजचा लेख त्यावरच.

आधी थोडी व्याख्या. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट म्हणजे बांधकामाचं व्यवस्थापन. शब्द मोठा असला तरी प्रश्न साधे आहेत. काय बांधायचं, कोणत्या क्रमाने, किती दिवसांत, किती पैशात, आणि कोणाच्या हातांनी? कारखान्यातही हेच प्रश्न असतात, पण तिथे यंत्र आणि माणूस एका जागी असतात आणि माल पुढे सरकतो. बांधकामात उलटं. माल म्हणजे इमारत, पूल किंवा धरण जागेवर राहतं आणि माणसं सरकत राहतात. दर वेळी जमीन नवी, टीम नवी, डोक्यावर उघडं आकाश. एका साईटवर शिकलेलं दुसऱ्या साईटवर जसंच्या तसं लागू पडेल याची खात्री नाही. त्यातून काम करणारा माणूस आणि काम करून घेणारा मालक यांच्यामध्ये कंत्राटदारांची उतरंड असते. आजही या धंद्याच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ यातल्याच कुठल्यातरी गोष्टीत सापडतं. आणि ही सगळी दुखणी एकाच ठिकाणी बघायची असतील तर बोरघाटासारखं दुसरं उदाहरण नाही.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे जीआयपीला, ठाण्यात काही स्वारस्य नव्हतं. तिला जायचं होतं दख्खनच्या पठारावर. तिकडचा कापूस बंदरापर्यंत आणायचा होता. मधे सह्याद्री. कंपनीचा मुख्य इंजिनियर होता जेम्स बर्कली. त्याने आणि त्याच्या माणसांनी घाटाची पाहणी केली आणि जो मार्ग ठरला तो असा: पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे 16 मैल, चढ 1831 फूट, सगळ्यात अवघड जागी 37 फुटांमागे 1 फूट. त्यात 25 बोगदे आणि 8 मोठे दगडी व्हायाडक्ट. शिवाय एक रिव्हर्सिंग स्टेशन, कारण एका ठिकाणी डोंगराने वळायला जागाच दिली नाही. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. 1929 साली नवा मार्ग झाल्यावर हा प्रकार बंद झाला.

आता पैशाचं बघू. 1849 च्या करारानुसार जीआयपीच्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेने कमावले नाहीत तर सरकार भरणार, म्हणजे शेवटी इथली रयत भरणार. जमीनही फुकट. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सगळ्यात वरच्या माणसाचे पैसे पहिल्याच दिवशी कागदावर पक्के झाले होते.

घाटाचं कंत्राट 1855 मध्ये विल्यम फॅविएल याला मिळालं. हा माणूस नवशिका नव्हता. मुंबई-ठाणे लाईन त्याच्याच फर्मने बांधली होती. 24 जानेवारी 1856 ला काम सुरू झालं.

पहिली अडचण क्रमाची. आजकाल बार चार्ट काढतात, क्रिटिकल पाथ काढतात. ती क्रिटिकल पाथची पद्धत 1957 ची, पण त्यामागचा प्रश्न फॅविएलसमोरही होताच: कोणतं काम अडलं की सगळंच अडतं? घाटात याचं उत्तर होतं बोगदे. एरवी लांब बोगदा खणताना वरून विहिरीसारख्या उभ्या खाणी पाडतात, म्हणजे मधूनही दोन्ही बाजूंना खणता येतं, अनेक तोंडं एकदम चालू राहतात. बोरघाटात डोंगराचा उतार इतका तुटलेला की अशा खाणी पाडणं बहुतेक ठिकाणी शक्यच नव्हतं. दोन टोकं, दोन तोंडं, बस. एका तोंडाशी एका वेळी किती माणसं मावणार? बाहेर भरावाच्या कामावर हजार माणसं वाढवली तर भराव लवकर होतो. बोगद्याच्या तोंडाशी हजार माणसं उभी केली तर फक्त गर्दी होते. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा फ्रेड ब्रूक्सचा 1975 चा नियम आम्ही सॉफ्टवेअरवाले मोठ्या कौतुकाने सांगतो. बोगद्यातल्या मुकादमाला तो शंभर वर्षं आधी ठाऊक असणार. :-)

खडक बेसॉल्टचा. पहार आणि छिन्नी-हातोड्याने भोक पाडायचं, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. डायनामाइटचं पेटंट 1867 चं, म्हणजे हे काम संपल्यानंतरचं. काही कड्यांवर उभं राहायलाच जागा नव्हती. तिथे माणसांना दोराने वरून खाली सोडत आणि ते लोंबकळत भोकं पाडत. एकूण खोदाई, बहुतेक सगळी खडकातली, 5 कोटी घनफुटांच्या वर गेली.

दुसरी अडचण पावसाची. खंडाळ्यात वर्षाला दीडशे इंचांच्या पुढे पाऊस पडतो. जूनमध्ये काम थांबायचं, माणसं गावी पेरणीला जायची आणि दसरा-दिवाळी उलटली की परत. काम सव्वासात वर्षं चाललं म्हणतात, पण पावसाळे वजा केले तर हातात जेमतेम पाच वर्षं उरतात. या पाच वर्षांची गंमत अशी की दर वर्षी टीम पुन्हा शून्यापासून जमवायची. मजूर बांधील नव्हता. गावी गेलेल्याने परत यायचं की नाही, हे तो ठरवणार. आणि ते कशावरून ठरवणार? मागच्या हंगामाचे पैसे हातात पडले की नाही, यावरून.

इथे तिसरी अडचण येते, आणि मला वाटतं तीच खरी.

फॅविएल हजारो मजुरांना स्वतः पैसे देत नव्हता. देऊच शकत नव्हता. त्याच्याखाली पोटकंत्राटदार, काही युरोपियन, काही इथले. त्यांच्याखाली आणखी छोटे ठेकेदार. मग मुकादम. मुकादमाखाली टोळी: वडार, आसपासच्या गावांतले शेतकरी, लांबून आलेले लोक, त्यांच्या बायका-मुलं. पुरुष फोडणार, बायका-पोरं पाट्या वाहणार. कामाचं मोजमाप झालं की पैसे वरून सुटणार. कंपनीचा इंजिनियर मोजणार, पास करणार, कंत्राटदाराला मिळणार, तो पोटकंत्राटदाराला देणार, तो मुकादमाला. प्रत्येक पायरीवर थोडे दिवस जाणार आणि थोडे पैसे कापले जाणार. कुठल्याही पायरीवर एखादा बुडाला, पळाला किंवा मोजमापावरून अडून बसला, तर खालच्या सगळ्यांचं चाक थांबणार. वरच्या माणसाला उशीर झाला तर त्याचं व्याज बुडतं. खालच्याचं संध्याकाळचं जेवण बुडतं.

जानेवारी 1859 मध्ये ते घडलं. मजुरी थकल्याच्या आणि ठरल्यापेक्षा कमी मिळाल्याच्या रागातून घाटातल्या कामावर दंगल उसळली. मजुरांनी लाठ्या घेऊन युरोपियन लोकांवर हल्ला केला, त्यात एक युरोपियन मेला. 1857 ला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे सरकारने हे प्रकरण हलक्यावर नेलं नाही. चौकशी झाली. दोन महिन्यांनी, मार्च 1859 मध्ये, फॅविएलने कंत्राट सोडलं.

तोपर्यंत काय झालं होतं? वरच्या बाजूचे खंडाळा-लोणावळा हे दोन मैल झाले होते आणि जून 1858 मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली होती. खालून गाडी खोपोलीपर्यंत येत होती. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून चढायचा. दोन्ही टोकं तयार आणि मधलं गायब, ही अवस्था ज्याने एकदा तरी इंटिग्रेशनचं काम केलंय त्याला समजावून सांगायला नको.

थोडे दिवस कंपनीच्या इंजिनियरांनीच काम रेटलं. मग त्याच वर्षी कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला मिळालं. तो बायकोसह भारतात आला आणि जहाजातून उतरल्यापासून पंधरा दिवसांच्या आत मेला.

आता विचार करा. परका देश, नवरा गेलेला, अर्धवट पडलेलं, बदनाम झालेलं काम. पहिल्या बोटीने परत जाणं सगळ्यात सोपं होतं. पण अ‍ॅलिस ट्रेडवेलने कंत्राट स्वतःकडे ठेवलं. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन व्यवस्थापक कामावर बसवले आणि घाट पुरा करून दिला. मुंबई गॅझेटियरमध्ये या दोघांची तारीफ आहे, आणि ती कशासाठी आहे हे बघण्यासारखं आहे. बोगदे नेमके खणले म्हणून नाही. त्यांच्या चांगल्या व्यवस्थेमुळे दोन हंगाम 25 हजार माणसं कामावर आली आणि टिकली, 1861 मध्ये तर 42 हजारांच्या वर, यासाठी आहे. डोंगर तोच, पाऊस तोच, दारूही तीच. फॅविएलच्या वेळी जे मजूर चिडून उठले, तसेच मजूर आता जास्त संख्येने येत होते आणि पावसाळ्यानंतर परतही येत होते. बांधील नसलेला माणूस दुसऱ्या हंगामाला परत येतो, याचा मला तरी एकच अर्थ लागतो: पहिल्या हंगामाचे पैसे मिळाले.

इथे लेख संपवला असता तर छान प्रेरणादायी गोष्ट झाली असती. पण तसं नाही.

42 हजार माणसं म्हणजे त्या काळातलं चांगलं मोठं शहर. ते डोंगरउतारावर, गवताच्या झोपड्यांत, एकाच ओढ्याचं पाणी पीत राहत होतं. कॉलरा येत होता, ताप येत होता. कॉलरा पाण्यातून पसरतो असं लंडनच्या जॉन स्नोने 1849 मध्येच मांडलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. साथ आली की माणसं शेकड्यांनी मरत आणि उरलेली रातोरात पळून जात. इतिहासकार इयन कर यांनी भारतातल्या रेल्वे मजुरांवर सविस्तर लिहिलं आहे. घाटात मेलेल्यांचा 25 हजार हा आकडा अनेक ठिकाणी सापडतो. तो अंदाज आहे. मजूर हे कंपनीच्या हिशोबात घनफुटांच्या रूपाने होते, घनफुटांची नोंद चोख आहे. बर्कली स्वतः आजारी होऊन इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट 1862 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी गेला. त्याने घाटातून गाडी गेलेली पाहिली नाही. त्याचं निदान नाव, वय, तारीख आपल्याला माहीत आहे.

21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला. खर्च सुमारे 11 लाख पौंड. भाषणं झाली असतील, कौतुक झालं असेल. चार वर्षांनी, जुलै 1867 मध्ये, भर पावसात घाटातला मोठा 'म्हाऊ की मळी' व्हायाडक्ट कोसळला. बोट दगडकामाच्या दर्जाकडे गेलं. दर्जा ही चौथी अडचण, आणि तीही त्याच उतरंडीतून येते. प्रत्येक पायरीवर पैसे कापले गेले की सगळ्यात खालचा माणूस चुना कमी घालतो, नाहीतर त्याला परवडतच नाही. आतला दगड कसा बसवला आहे हे बाहेरून दिसत नाही. पाऊस मात्र तपासतो.

आता कायद्याकडे येऊ. दंगलीनंतर सरकारला एक गोष्ट कळली की मजुरीचे तंटे वेळीच मिटवायला हवेत. 1860 चा नववा कायदा त्यातूनच आला. रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचा वाद मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढायचा. वाचायला बरं वाटतं. पण त्याच कायद्यात पुढे असंही होतं की मजूर ठरलेलं काम टाकून गेला तर त्याला तुरुंगात टाकता येईल. म्हणजे पैसे थकवले तर तंटा, आणि काम सोडलं तर गुन्हा! हा कायदा रद्द व्हायला 1932 साल उजाडलं.

कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची, ही साधी गोष्ट आपल्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात आली. 2020 च्या श्रमसंहितेतही ती ठेवली आहे. दंगलीपासून मोजलं तर 111 वर्षं झाली. 1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर लागू झाला, त्यातून कामगारांचं कल्याण करायचं ठरलं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हिशोब आला तेव्हा सुमारे 37 हजार कोटी रुपये जमा झालेले आणि साडेनऊ हजार कोटींच्या आसपास खर्च झालेले निघाले. पैसे होते, वरनं सुटले नव्हते. आणि मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्यावर जी माणसं हायवेने चालत निघाली, त्यांच्यात साईटवरची माणसं किती होती ते आपण टीव्हीवर पाहिलंच. खर्चीवर राहणाऱ्या माणसाकडे दोन आठवड्यांपलीकडची शिल्लक नसते.

म्हणून मला वाटतं, बांधकामाच्या व्यवस्थापनाची ओळख करून देताना चार्ट आणि सॉफ्टवेअर नंतर शिकवावं. आधी विद्यार्थ्याला एक काम द्यावं. साईटवरच्या सगळ्यात खालच्या माणसापर्यंत पैसा किती हातांतून आणि किती दिवसांत पोचतो, ते काढून आण. बोरघाटात 5 टक्क्यांची हमी सगळ्यात वर होती आणि खाली कसलीच नव्हती. त्या एका गोष्टीवर फॅविएलसारखा अनुभवी माणूस आपटला आणि त्याच गोष्टीकडे लक्ष दिलं गेलं तेव्हा घाट पुरा झाला.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्यांनी त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. गाड्या थांबतात, ड्रायव्हर नाणं टाकतात, पुढे जातात. इतिहासाच्या कसोटीवर ती गोष्ट किती टिकेल हा भाग वेगळा. पण लोकांनी निदान एक नाव धरून ठेवलं आहे. आपल्याकडून काम करून घेतलं आणि मोबदला दिला नाही, ही या घाटाची आठवण लोकांच्या मनात कुठेतरी पक्की आहे, असं मला त्यातून दिसतं.

असो. लेख बराच लांबला. कालच्या शनिवारी पुन्हा साईटवर गेलो होतो. काम चालू झालंय, सातव्याचं सेंट्रिंग पुरं होत आलंय. मुकादम काका वरूनच ओरडले, "साहेब, ताबा दिवाळीपर्यंत नक्की!"

मी खालून विचारलं, "पोरांचा हिशोब झाला का काका?"

ते हसले आणि म्हणाले, "अर्धा."